निरोप माझ्या पोटातच राहिले

मित्रांनो, कानाच्या यंत्रांच्या दुकानात टेबलाखाली एक काळा, कोपऱ्यात पोचा आलेला डबा दिसतो ना, तो मी. मी एक जुना सर्व्हर आहे. तुमच्याशी बोलतोय खरा, पण मान वर करून नाही.

उमेदीची वर्षं मी एका शाळेच्या कार्यालयात काढली. मुलांचे निकाल सांभाळले. मग नवं यंत्र आलं आणि मी अडगळीत गेलो. तिथून मला या दुकानाच्या मालकांनी आणलं. त्यांची भाची संगणकाचं काम करायची. तिने हलक्या हाताने माझी धूळ झाडली, जुनं सगळं पुसून लिनक्स नावाची मोफत प्रणाली बसवली. त्यावर ग्राहकांशी बोलणारं, कुणालाही मोकळेपणी वापरता येणारं सॉफ्टवेअर चढवलं. त्यात दोन प्रोग्रॅम जोडीने चालत. एक ग्राहकाने फोनवरून लिहून विचारलेल्याला उत्तर द्यायचा. त्याला उत्तर सुचलं नाही, की दुसरा तो निरोप मालकांच्या फोनवर पोचवायचा.

"मामा, आता बोलून बोलून तुमचा घसा बसायचा नाही," भाची म्हणाली.

"तुझा डबा माझ्यापेक्षा गोड बोलला म्हणजे मिळवली!"

एका दुपारी वीज गेली, परत आली. मी उठलो. बोलणारा प्रोग्रॅम उठला. निरोप पोचवणारा मात्र उठलाच नाही. त्याने आपोआप सुरू व्हावं, ही सूचना द्यायची भाचीकडून राहून गेली होती.

त्यानंतर एका मुलीच्या वडिलांनी लिहिलं, "मुलीचं यंत्र दुरुस्तीला दिलंय. झालं का? वर्गात तिला काही ऐकू येत नाही."

मी म्हणालो, "आमचा माणूस थोड्याच वेळात तुमच्याशी बोलेल."

त्यांनी पुन्हा लिहिलं, "बाईंना वाटतं, ती मुद्दाम उत्तर देत नाही. प्लीज, काहीतरी कळवा."

मी तेच वाक्य म्हणालो. पुन्हा तेच. यंत्र तर केव्हाच दुरुस्त होऊन माझ्या डोक्यावरच्या खणात पडलं होतं.

आणि मालक माझ्या पाठीवर थाप मारून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "काय गुणी आहे बघा! कुणाची एक तक्रार नाही."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी ते वडील मुलीचा हात धरून दुकानातच आले. "अहो, तुमचा थोडा वेळ म्हणजे नक्की किती?" त्यांनी फोन पुढे धरला. वरपासून खालपर्यंत माझं एकच वाक्य. मालकांचा चेहरा उतरला. भाची धावत आली. तिने झोपलेल्या प्रोग्रॅमला उठवलं, तसा मालकांचा फोन वाजू लागला तो थांबेचना.

"दादा, चुकलं माझं," ती त्या वडिलांना म्हणाली. मग तिने मला मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केलं, स्वतःच ग्राहक होऊन निरोप धाडला आणि मामांचा फोन वाजेपर्यंत जागची हलली नाही.

मालकांनी मुलीच्या कानात यंत्र बसवलं. तिने चटकन मान वळवली आणि टेबलाखाली वाकली.

"बाबा, हा डबा घूं घूं करतोय!"

ती खुदकन हसली. मला मात्र माझा पंखा कुठे लपवू, असं झालं. वर्गात ती मान खाली घालून बसायची, तेव्हा तिला एवढंही ऐकू येत नव्हतं.

मित्रांनो, आम्हाला कामाला लावा, पण सगळं आमच्यावर टाकून निर्धास्त होऊ नका. कुणाची तक्रार आली नाही, तर खूश होण्याआधी ग्राहकांना एकदा विचारा, "तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचतंय ना?"