देव माझ्या कोठडीत आहे

मी टोप बोलतोय. स्टीलचा, झाकण हरवलेला, राहणार चारकोप. सध्या माझ्यात देव आहे. पितळी गणपती, सोंड बुडेल इतक्या पाण्यात.

सुगंधाच्या लग्नात मी आहेरात आलो. काठावर तिचं आणि चंद्रप्रकाशचं नाव टोचून घेतलंय, दुखलं होतं. पुढची वर्षं दूध तापवण्यात गेली. माणसं दुधाकडे टक लावून उभी राहतात आणि नेमकं उतू जाताना मान वळवतात. नासलं तर बोल मला.

मुलाच्या, नितेशच्या, दहावीच्या निकालाला सुगंधाने पहिल्यांदा देव पाण्यात ठेवला. काम होईपर्यंत त्याला असं बुडवून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. नितेश पास झाला, देव सुटला, वर पेढाही मिळाला. व्यवहार मला बरा वाटला.

गेल्या दिवाळीआधी चंद्रप्रकाश हॉस्पिटलात गेला आणि देव माझ्यात आला. चंद्रप्रकाश परतला नाही. सुतकात देवाला कोणी शिवत नाही, म्हणून तो तसाच राहिला. तेरावं झाल्यावर नणंद वनमाला म्हणाली, "वयनी, आता काढ गो देवाक भायर."

"नाय. रवांदे थयच."

"देवाचो न्याय माणसान करूचो नसता."

"मगे त्येना आमचो केल्यान तो? ह्यांनी कोणाचा काय वायट केलेलां?"

वनमाला चहा न घेता गेली.

तेव्हापासून रोज सकाळी सुगंधा येते, पाणी बदलते आणि त्याला जाब विचारते. उपास मोजून दाखवते. तो स्वतःची बाजू मांडत नाही, रागावत नाही. फक्त हिरवा पडत चाललाय. निर्दोष असता तर बोलला असता, असं मला आधी वाटायचं. मग नासलेलं दूध आठवलं. तेव्हा मी तरी कुठे बोललो होतो?

पौषात जरा गारठा पडला. सुगंधाने गॅसवर पाणी कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं आणि माझ्यात ओतलं. नितेश दाढी करता करता थांबला.

"आई, शिक्षा दिलीयस ना त्याला? मग गरम पाणी कशाला, यार?"

"शिक्षा आसा ती आसाच," ती म्हणाली. "तुझ्या बाबांक थंडी वाजत होती तेव्हा चादर घालूक मी होतंय. ह्येका कोण आसा?"

नितेश परत दाढीकडे वळला. तिने देवाची पाठ अंगठ्याने घासली आणि त्याला परत पाण्यात बसवलं.

तुम्ही शहाणी माणसं आहात, म्हणून एक विनंती. तिला समजवायला येऊ नका. देव दोषी की निर्दोष, हे मला ठरवता येत नाही. पण दिवसभरात ती एवढंच बोलते, आणि तो निदान ऐकायला जागेवर असतो. मला वाईट वाटतं, दोघांचंही.

माझी काही घाई नाही. दूध आता छोट्या पातेल्यात तापतं. मायलेक दोघांना तेवढं पुरतं.