साहेब धन्यवाद म्हणाले

एर्मेलिंदाने परीक्षा अर्ध्यात सोडली ती भीतीने नव्हे, रीत पाळायला गेली म्हणून. आमच्या पॅराग्वेत चारचौघं बसले की तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यातल्या कडवट चहाचा, एकच पेला फिरतो. वाढणारी पेल्यातल्या पाल्यावर गार पाणी ओतते, पिणारा नळीने ओढतो आणि पेला मुकाट्याने परत देतो. मुकाट्याने, कारण 'धन्यवाद' म्हणजे 'बास, आता मला नको'. हे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना येतंच.

त्या दिवशी फोनच्या पडद्यावर राजधानीतले परीक्षक ओकाम्पोस साहेब होते. लेकराला जुलाब लागले तर काय कराल, असं त्यांनी विचारलं. एर्मेलिंदाने घडाघडा सांगितलं. साहेब म्हणाले, "धन्यवाद, बाई." सुटले बुवा, असं म्हणून तिने अदबीने मान लववली आणि फोन बंद केला. बाकीचे प्रश्न साहेबांच्या तोंडातच राहिले.

संध्याकाळी निरोप आला: परीक्षा अपूर्ण, सबब नापास.

ती ढसाढसा रडली. भावंडं सांभाळायला सहावीत शाळा सोडलेली बाई ती. नववीचा दाखला मिळाला की गावच्या दवाखान्यात मदतनीस परिचारिका व्हायचं, एवढाच तिचा ध्यास होता. आठवडाभर फोन मक्याच्या पिठाच्या डब्याला टेकवून ती धडे बघायची. अडलेलं सगळं शनिवारी आंब्याखाली लिदुविना बाईंच्या वर्गात सोडवून घ्यायची. नवरा इहिनियो तेव्हाही टोमणे मारायचा, आता तर टोमण्यांना ऊतच आला. "शिकलेल्या बाई, जरा पाणी ओता की," असं तो दिवसातून दहादा म्हणे.

शनिवारी लिदुविना बाईंनी तिला समोर बसवलं. "अगं, पण फोन ठेवलासच का?"

"ते धन्यवाद म्हणाले ना, बाई. मग मी आणखी कशाला ओतत बसू?"

बाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या आणि मग भडकल्या. तिथल्या तिथे त्यांनी राजधानीला फोन लावला. अभ्यास अर्धा पडद्यावर आणि अर्धा समोरासमोर, तर परीक्षा तेवढी पडद्यावरच का? माणूस पाठवा, असं त्यांनी ठणकावलं. लिदुविना बाईंशी वाद घालण्यापेक्षा बसने येणं सोपं, हे तिथल्यांना कळलं असावं. पुढच्याच शनिवारी ओकाम्पोस साहेब लाल धुळीने माखून आंब्याखाली हजर झाले.

एर्मेलिंदाने पेला भरून दिला. साहेबांनी नळी ओढली, पेला परत करताना सवयीने "ध..." म्हणाले आणि जीभ चावली. चटकन त्यांची नजर तिच्याकडे गेली. फोन का बंद झाला, ते त्यांना आत्ता उमगलं. हसू दाबून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

मग सुरूच झालं. ती उत्तर द्यायची, साहेब मुकाट्याने पेला परत करायचे, ती पुन्हा भरायची. औषधाची मात्रा वजनाप्रमाणे काढायची होती तिथे मात्र ती अडकली. पडद्यावरची आकडेमोड आठवेना. वर्गातले सगळे पुढे सरकले. इहिनियोही कुंपणावरून वाकून बघत होता. मग तिला मक्याचे दाणे आठवले. लिदुविना बाईंनी याच बाकावर दाण्यांच्या ढिगल्या पाडून भागाकार शिकवला होता. तिने बाकावर बोटाने मनातल्या दाण्यांच्या ढिगल्या पाडल्या आणि उत्तर सांगितलं. ते बरोबर होतं.

साहेबांचं पोट तोवर पाण्याने टम्म झालं होतं. त्यांनी शेवटचा घोट ओढला, दोन्ही हातांनी पेला तिच्या हाती दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धन्यवाद, एर्मेलिंदाबाई."

आंब्याखाली एकच गलका झाला. लिदुविना बाई रडत होत्या आणि रडत नसल्याचं सांगत होत्या. एर्मेलिंदाला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

इहिनियो कुंपण ओलांडून आला, साहेबांच्या शेजारी बसला आणि सवयीने पेल्यासाठी हात पुढे केला. तिने पेला दिला, पण रिकामा. वर पाण्याचं भांडंही त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ओता की जरा," ती म्हणाली. "शिकलेल्या बाईंना तहान लागली आहे."