पुढचा ब्रेक दाबू नको

आमच्या गॅरेजात नवी मोटरसायकल पेटीतून निघाली की मालकाचा एकच नियम: ज्यांनी जोडली, त्यांनीच आधी बसायचं. हाडं मोडायची तर गिऱ्हाइकाची कशाला, आपली आहेतच की पगारावर! जोडणारे आम्ही दोघं, मी आणि माझा साडू. बायका सख्ख्या बहिणी. माझी थोरली, त्याची धाकटी. म्हणून चौदा वर्षं तो मला 'साडूभाऊ, तुम्ही' करतो आणि मी त्याला छळतो.

छळायची सोय कामातच होती. बोल्ट टॉर्क पान्याने आवळायचा, पाना 'टक' वाजला की बोल्टवर पांढऱ्या रंगाचं टिंब द्यायचं. टिंब म्हणजे आवळलेला. साडू पाठमोरा झाला की मी चार टिंबं पुसून टाकायचो. बिचारा पुन्हा आवळायचा. एकदा तर एकच बोल्ट त्याने पाच वेळा आवळला. मी बाथरूममध्ये जाऊन पोट धरून हसून आलो.

त्या दिवशी मी उलटं केलं. गाडी काळीकुट्ट, दोनशे घोड्यांची. साडू पाणी प्यायला गेला, तेव्हा पुढच्या ब्रेकचे दोन बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवलेले होते. मी त्यांच्यावर दोन टिंबं ठोकून दिली. बेत असा, की तो ऐटीत सीटवर बसला की म्हणायचं, "उतर, ब्रेक मोकळा आहे," आणि त्याचं पांढरं पडलेलं तोंड बघायचं.

मी परत मागच्या चाकाच्या कामाला लागून अर्धा तास झाला असेल नसेल, मालक ओरडला, "चारला गिऱ्हाईक येतंय! लग्न लावताय का गाडीचं? काढा बाहेर!"

साडूने बटण दाबलं. फरशी थरथरली, फळीवरचे पाने नाचले, आणि त्या आवाजाने माझ्या डोक्यातलं सगळं धुऊन नेलं. टिंबं, बेत, सगळं. मागची सीट वहीएवढी. तिच्यावर मी बसलो कसला, साडूच्या पाठीला गोचिडासारखा चिकटलो. गेटवर त्याने पायाचा ब्रेक दाबला, तरी मला आठवलं नाही.

गोदामांमागे अजून न उघडलेला रस्ता होता. चार किलोमीटर सरळ, आणि शेवटी सिमेंटचे ठोकळे रचलेले.

"धरलंत का, साडूभाऊ?"

"धरायचं काय त्यात? तू चालवतोस म्हणजे म्हैस—"

त्याने मूठ पिळली. म्हैस तिथेच राहिली, मी पुढे गेलो. मान मागे मोडली, आतडी पाठीच्या कण्याला जाऊन चिकटली. दुसऱ्या गिअरला गालांचं कातडं कानामागे गेलं. तिसऱ्याला वारा छातीत लाथा घालायला लागला. इतक्या गाड्यांवर बसलोय, पण ही बसवून नेत नव्हती. मानगूट धरून फरफटत नेत होती, आणि वर गुरगुरत होती. आणि काय सांगू, मजा येत होती! मार खाण्यात मजा असते हे मला त्या दिवशी कळलं.

मग साडूच्या खांद्यावरून समोर ठोकळे दिसले. आता हा ब्रेक दाबणार, असं मनात आलं आणि ती दोन टिंबं डोळ्यांपुढे आली. दाबला की मोकळ्या बोल्टांवरचा तो ब्रेक निसटून चाकात अडकणार. चाक जागच्या जागी थांबणार, आम्ही नाही. एकाच दुपारी दोन बहिणी विधवा! सासूने मला मेल्यावरही सोडलं नसतं.

"पुढचा ब्रेक दाबू नको! बोल्ट मोकळे आहेत! टिंबं मी दिली!"

साडूचे खांदे हलले. हसत होता. मालक वारला, तुला जुळं झालं, काय काय सांगितलं होतं मी त्याला आजवर!

"आज नाही फसणार!" म्हणाला, आणि मूठ अजून पिळली.

ठोकळे मोठे व्हायला लागले. त्याची दोन बोटं ब्रेककडे गेली. मी हात पुढे घालून ती धरली आणि उलटी पिरगळली. काहीतरी कडकन मोडलं. त्याने कोपर मागे हाणलं. माझं हेल्मेट जुनं, तोंड उघडं असलेलं. दातांखाली जीभ सापडली. तरी मी दुसऱ्या हाताने इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलं. साडू पायाच्या ब्रेकवर उभाच राहिला. मागचं चाक किंचाळलं, शेपूट डावीकडे, उजवीकडे. बाजूला वाळूचा ढीग होता. मी सगळं अंग तिकडे टाकलं. गाडी आडवी झाली, साडू उडाला, मी तोंडावर वाळूत.

डोळे उघडले तर तो वर उभा. उजवा हात लोंबतोय, डाव्यात हेल्मेट. त्याच हेल्मेटने त्याने मला हाणलं. खांद्यावर, बरगडीत, पुन्हा खांद्यावर.

"तू! मारणार होतास मला, तू!"

चौदा वर्षांत पहिल्यांदा 'तू'.

"वाचवत होतो! बोल्ट बघ आधी!"

त्याने मला कॉलरला धरून गाडीपाशी ओढलं आणि माझी बोटं बोल्टवर दाबली. "फिरव."

फिरेना. दुसराही फिरेना. नखं तुटली, बोल्ट जागचा हलला नाही.

"पाणी पिऊन आलो तेव्हाच आवळले. तुझ्या शेजारी काम करणारा माणूस टिंबावर विश्वास ठेवतो होय रे? चौदा वर्षं मी प्रत्येक बोल्ट दोनदा आवळतोय. एकदा गाडीसाठी, एकदा तुझ्यासाठी."

मला हसू फुटलं. आवरेचना, रक्ताचे फुगे येत होते. त्याने कमरेत लाथ घातली. "हस! हस की!" मग मला त्याचा हात दिसला. दोन बोटं भलत्याच दिशेला वळलेली. पाना धरायची बोटं. हसू थांबलं.

"मालकाला सांगतो," तो म्हणाला, "मला दुसरा जोडीदार दे." आणि चालायला लागला, गॅरेजच्या दिशेने.

मी एकट्याने ते धूड उभं केलं. कसं, विचारू नका. हँडल वाकडं, पण इंजिन लागलं. त्याच्या शेजारून पहिल्या गिअरात, माणसाच्या चालीने चालवत राहिलो. दोनशे घोडे मांडीखाली धुमसत होते, पोटऱ्या भाजत होत्या.

"बस की रे. हात सुजलाय."

तो चालत राहिला.

"हळू नेतो. शपथ."

बऱ्याच वेळाने तो थांबला. माझ्याकडे बघितलं नाही, गाडीकडे बघितलं.

"आधी तू उतर. बोल्ट बघू दे."

मी उतरलो.