बायकोच्या मापाची बंदूक

शिंप्यानं बंदुकीला हात लावू नये असं कुठं लिहून ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर निदान या माणसानं तरी वाचलं असतं.

बंदूक छर्‍याची, हवेवर चालणारी, पण चांगली लांबलचक. ती त्याच्या बायकोला तिच्या वडिलांनी दिलेली. घरात नेमबाज ती, हा नुसता शिंपी. दर वर्षी क्लबात पत्र्याच्या चकत्या पाडायची स्पर्धा व्हायची आणि कप हिच्याकडे यायचा. मग दोन वर्षांपूर्वी तिचा खांदा आखडला. पुढं एवढं वजन धरायचं म्हणजे तिसर्‍या छर्‍यालाच हात थरथरायचा. शेवटी तिनं बंदूक कपाटावर टाकली आणि "आता पुरे," म्हणाली. तेव्हापासून कप नणंदेकडे. नणंद म्हणजे शिंप्याची सख्खी बहीण, ती फोनवर दर वेळी न चुकता विचारायची, "वहिनी, खांदा कसाय?" आवाजात इतकी माया, की ऐकणार्‍याचं डोकं उठावं.

रविवारी, क्लबाच्या दिवशी, बायको गप्प गप्प असायची. शिंप्याला ते बघवेना. तिनं पुन्हा एकदा नेम धरावा, एवढंच त्याला हवं होतं.

त्याचा एक लेथवाला मित्र होता. तो म्हणाला, "बंदूक आखूड कर. मागचं लाकूड तू काप, पुढची नळी मी कमी करून देतो. वजन अंगाजवळ येईल. लाकूड वहिनीच्या कोपरापासून बोटापर्यंत ठेव. फक्त माप नीट घे."

"मापाचं मला सांगतोस?" शिंप्याला रागच आला. तीस वर्षांत एक गिर्‍हाईक माप चुकलं म्हणून परत आलं नव्हतं.

माप मात्र चोरून घ्यायचं होतं. तो बायकोला म्हणाला, "हात दुमड, कोट शिवतोय तुला."

"या उकाड्यात कोट?"

"थंडी काय सांगून येते?"

त्यानं कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं. टेप गळ्यातली नेहमीचीच, कापडी, उमेदवारीच्या दिवसांपासूनची. तिच्यावरचे निम्मे आकडे पुसलेले, पण त्याच्या बोटांना पाठ. "आता घेताच आहात तर कंबरही घ्या," बायको म्हणाली. कंबर तीस. पंचवीस वर्षं तीसच. ही गोष्ट ती शेजारणींना येताजाता सांगायची आणि शेजारणी जळून खाक व्हायच्या.

गुरुवारी ती खांद्याच्या व्यायामाला गेली आणि इकडे इस्त्रीच्या टेबलावर कारखाना सुरू झाला. आदल्या दिवशी गुपचूप नेलेली नळी मित्र आखूड करून घेऊनच आला होता. शिंपी लाकडावर टेप लावायला लागला तर मित्रानं त्याचा हात धरला. "चिंधीनं लाकूड मोजतात का? ही घे," म्हणून त्यानं स्टीलची पट्टी पुढं केली. शिंप्यानं आकडा सांगितला, मित्रानं खूण केली, करवत चालली.

बायको आली तेव्हा टेबलभर भुसा होता आणि दोघं बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे उभे होते. मित्राला अचानक लेथ आठवला आणि तो सटकला. पट्टी तिथंच राहिली.

तिनं बंदूक उचलली, खांद्याला लावली.

"एक इंच आखूड झालीय," ती म्हणाली. "बाबांची बंदूक कापलीत. आणि तीही चुकीच्या मापानं."

पहिल्या गोष्टीची त्याला लाज वाटली. दुसरीनं तो पार खचला. ती आत निघून गेली.

एक इंच? त्यानं टेप पट्टीशेजारी ठेवली. टेपचे बारा इंच पट्टीवर तेराला भिडले. तीस वर्षं ओढून ओढून टेप सैल पडली होती. माणूस मोजायचा तिनंच आणि कापडही तिनंच, म्हणून चूक चुकीला सांभाळून घेत होती. बिचारं लाकूड पहिल्यांदाच दुसर्‍या मापाच्या हाती सापडलं.

आता कापड असतं तर उसवून सोडलं असतं. लाकूड कुठलं सोडणार? समोर एका कोटाचं खांद्याचं पॅड पडलेलं होतं. तो उठला. चामड्याचा तुकडा काढला, आत चार पॅडं कोंबली आणि बंदुकीच्या मागच्या टोकाला घट्ट बसेल अशी टोपी शिवली. जाडी बरोबर एक इंच, स्टीलच्या पट्टीनं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एकच माप दोनदा मोजलं.

दोन दिवस बायको कामापुरतं बोलली. रविवारी, स्पर्धेच्या दिवशी, सकाळी मात्र बंदूक घेऊन दारात उभी राहिली. "चला," म्हणाली.

क्लबात नणंदेनं विचारलं, "वहिनी, ही काय खेळण्यातली?" वहिनीनं पॅड खांद्याला टेकवलं आणि पहिली चकती पाडली. मग दुसरी, तिसरी. हात थरथरला नाही. दहापैकी नऊ पडल्या. नणंदेच्या दहा. कप पुन्हा तिकडेच गेला, पण ही क्लबाच्या विक्रीच्या खिडकीशी जाऊन आणखी एक डबी छर्रे मागत होती. शिंप्याला डोळे पुसायला स्वतःच्याच शर्टाची बाही पुरली.

घरी येताना ती म्हणाली, "पॅडमुळे खांद्याला धक्काच लागत नाही. बाबांनाही आवडलं असतं. पण तो इंच गेला कुठं होता?"

आनंदाच्या भरात माणसाला अक्कल राहत नाही. त्यानं टेपची सगळी कथा सांगून टाकली. घरात शिरल्यावर पट्टी आणि टेप शेजारी ठेवून दाखवलीसुद्धा.

बायको बघत राहिली. मग तिचा हात सावकाश कमरेवर गेला.

"म्हणजे तीस नाही," ती म्हणाली.

शिंप्यानं पट्टी हळूच पाठीमागे लपवली. तेवढी अक्कल परत आली होती.

"ती पट्टी उद्या सकाळी त्याची त्याला देऊन या."

"आणि टेप? नवी आणू?"

तिनं टेप गुंडाळून त्याच्या हातात ठेवली. "हिला काय झालंय? चांगली आहे की."