साधा वाडगा

“हात काढू नका! तसाच ठेवा, तसाच!”

मातीवाले सर एवढ्या जोरात ओरडले की रेघबाईंनी दचकून हात काढलाच. चाक फिरत राहिलं. त्यावर ओल्या मातीचा वाडगा होता आणि त्याच्या अंगभर, बुडापासून काठापर्यंत, बारीक लाटा उठल्या होत्या. आता इथूनही आपल्याला नारळ मिळणार, असं रेघबाईंना वाटलं.

सरांनी चाक थांबवलं आणि वाकून वाडगा चारी बाजूंनी न्याहाळला.

“हे कसं केलंत?”

“केलं नाही. झालं.”

“अहो बाई, अर्धं आयुष्य मी या चाकापाशी घालवलं. माझ्या हातून असं कधीच झालं नाही! लपवून ठेवू नका, आम्हालाही शिकवा.”

रेघबाईंनी उजवा हात हळूच ॲप्रनखाली घेतला.

विद्यापीठात त्यांना रेघबाई म्हणत ते उगीच नाही. भूगोल विभागात त्या हाताने नकाशे काढायच्या. नद्या, सीमा, डोंगरांचे चढउतार आणि खाली मुंगीएवढी अक्षरं. पट्टी न लावता सरळ रेघ मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. संगणक आला तरी चांगलं पुस्तक निघायचं असलं की प्राध्यापक मंडळी गुपचूप त्यांच्याच टेबलापाशी यायची. मग गेल्या वर्षी एका नदीचं नाव लिहिताना हात थरथरला. झोप झाली नसेल, असं त्यांनी मनाला समजावलं. पुढच्या नदीच्या वेळी झोप छान झाली होती.

“हे वाढत जाणार,” डॉक्टर म्हणाले. “गोळ्या घेतल्या तर जरा सावकाश वाढेल, एवढंच.”

विभागात त्यांनी डोळ्यांचं कारण पुढे केलं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा आणि बायकोचेच डोळे अधू, यावर लोक हसले आणि विषय संपला. विभागप्रमुख मनाने वाईट नव्हते. “सुट्टीत दुसऱ्या विभागातल्या एखाद्या कामावर हात बसवून घ्या,” ते म्हणाले, “म्हणजे मला तुम्हाला तिकडे तरी चिकटवता येईल. इथलं टेबल आता राहणार नाही.”

सुट्टीत तिथल्या सगळ्या विभागांच्या कार्यशाळा सगळ्यांना खुल्या असायच्या. दातांच्या कॉलेजातली पोरं विणायला बसत, गणितवाले रंधा मारत आणि जेवायच्या सुट्टीत एकमेकांना जखमा दाखवत. त्यांची सगळी हौस होती. रेघबाई मात्र घराबाहेर पडताना रोज मनाशी एकच म्हणत, या हाताला जमेल असं एक तरी काम इथे असेलच की. विणकामाच्या बाईंच्या हातमागावर त्यांनी इतके धागे तोडले की बाई कौतुकाने म्हणाल्या, “तुम्हाला कात्रीची गरजच नाही.” दातांच्या कॉलेजात मेणाची दाढ कोरायची होती. तिथल्या मास्तरांनी ती उजेडात धरून विचारलं, “ही दाढ आहे की रस्त्यावरची खडी?” सगळे हसले. रेघबाईही हसल्या. न हसून करणार काय?

आणि आता हा वाडगा.

घरी नवऱ्याने चहा आणून ठेवला. हल्ली तो कप अर्धाच भरायचा. एकदाही त्याने तसं बोलून दाखवलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

“मातीवाले सर म्हणतात, मला त्यांच्या विभागात घेतील. शिकवायला.”

“मग तोंड असं का केलंयस?”

“त्यांना वाटतं, ही माझी कला आहे.”

नवरा म्हणाला, “वाटू दे की. वाडगा चांगला झालाय ना? कसा झाला ते कशाला सांगत बसायचं?”

रेघबाईंना ते पटलं. खरं म्हणजे पटवून घ्यायचंच होतं. या हाताच्या कामाला चांगलं म्हणणारं वर्षभरात कुणी भेटलं नव्हतं, आणि माणूस कौतुकाला किती भुकेला असतो, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. त्या रोज जाऊ लागल्या. लाटांचे वाडगे फळीवर रांगेने सुकू लागले. ते सगळे एकदमच भट्टीत घालायचे, असं सरांनी ठरवलं होतं. एके दिवशी तर रेघबाई घरी येताना चक्क गुणगुणत आल्या.

सरांनी प्रात्यक्षिक ठेवलं. सगळ्या कार्यशाळांना बोलावणं गेलं. दातवाली पोरं आली, विणकामाच्या बाई आल्या, भूगोलाचे विभागप्रमुखही येऊन मागे उभे राहिले. रेघबाईंनी माती चाकावर बसवली, हात टेकला, आणि हाताने आपलं काम केलं. वाडगा लाटा घेऊन वर आला. टाळ्या पडल्या.

“आता तुम्ही!” सरांनी पोरांना चाकांवर बसवलं. “बाईंचा हात नीट बघा. मनगट सैल. बोटं कशी हलतात पाहा.”

खोलीभर हात थरथरू लागले. कुणी खांद्यापासून हलवत होतं, कुणी सगळं अंगच. माती इकडेतिकडे उडाली, पोरं खिदळू लागली. “बाई, असं ना?” एका मुलीने अगदी मन लावून बोटं थरथरवत विचारलं. हुबेहूब जमलं होतं तिला.

“हो,” रेघबाई म्हणाल्या. “असंच.”

विणकामाच्या बाई इतका वेळ सगळ्यांबरोबर हसत होत्या. त्यांचं लक्ष रेघबाईंच्या मांडीकडे गेलं. हात चाकावर नव्हता, कुणी बघतही नव्हतं, तरी तो हलतच होता. बाई हसायच्या थांबल्या.

“आता बाई, एक साधा वाडगा करून दाखवा,” सर उत्साहाने म्हणाले. “गुळगुळीत, बिनलाटांचा. शिकवणाऱ्याला दोन्ही यायला हवं ना! शेजारी ठेवला की यांना फरक कळेल.”

रेघबाईंनी नवी माती घेतली. कोपर मांडीत रुतवलं, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट आवळलं. चाक फिरलं. लाटा आल्या.

“लाटा नकोत. साधा.”

त्यांनी माती दाबून परत बसवली. श्वास रोखला. पुन्हा लाटा आल्या, आधीपेक्षा मोठ्या.

पोरांचं खिदळणं विरलं. थरथरणारे हात एकेक करून थांबले. शेवटी खोलीत एकच हात हलत राहिला.

“साधा येत नाही मला,” रेघबाई म्हणाल्या.

सरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. विभागप्रमुख जमिनीकडे बघत होते. मघाची मुलगी दोन्ही हातांची बोटं मुठीत लपवून रडवेली झाली होती. “असू दे गं,” रेघबाईंनी तिला म्हटलं, “तुला काय माहीत!” आणि त्या हात धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या लवकर आल्या. फळीवरचे कच्चे वाडगे एकेक करून त्यांनी बादलीतल्या पाण्यात सोडायला घेतले. भट्टीत न गेलेली माती पाण्यात पुन्हा माती होते. त्यांना इथे नीट शिकता आलं होतं ते तेवढंच.

सर दारात येऊन उभे राहिले. “बाई, चांगले आहेत हो ते.”

“असतील.”

“राहू द्या ना एखादा.”

“मला रेघ काढायची होती, सर,” त्या म्हणाल्या आणि शेवटचा वाडगा आत सोडला.

बुडबुडे आले. आधी लाटा विरघळल्या, मग काठ, मग सगळंच खाली बसलं. बादलीच्या कडेला धरून त्या वाकून बघत राहिल्या. वाडगे केव्हाच गेले होते, तरी पाण्यावर बारीक लाटा उठतच होत्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी बादलीवरचा हात काढून घेतला.

पाणी स्थिर झालं.