हंसाबाईचा दाखला

“काय चारलंस मला? खरं सांग.”

शुद्धीवर आल्यावर विमलताई पहिलं हेच बोलल्या. हंसाबाई त्यांच्या उशाशी बसली होती. तिच्या बोटांना अजून साखर चिकटलेली होती. ताई घामाने निथळत खाली कोसळल्या, तेव्हा तिने डॉक्टरांना फोन लावला होता आणि त्यांनी सांगितलं तशी चिमूट चिमूट साखर त्यांच्या हिरड्यांना चोळत राहिली होती.

“साखर चारली. शुगर उतरलती तुमची. गोळी दोनदा काहून घेतली?”

“मी? तीस वर्षं तहसील कचेरीत काढली, अव्वल कारकून होते मी. गोळी दोनदा घेईन? हात काढ तो.”

हंसाबाईने हात काढला.

घाटंजीजवळच्या तांड्यावरून ती यवतमाळच्या या घरी राहायला आली, त्याला आठ महिने झाले होते. नवरा खेमसिंग वारल्यावर तिने म्हाताऱ्या माणसांजवळ रात्रंदिवस राहायचं काम धरलं. हे तिसरं घर. आधीच्या दोन घरांत म्हाताऱ्यांनी तिच्या मांडीवर प्राण सोडले होते. इथे तिचा कप वेगळा, गादी मागच्या पडवीत, आणि खुर्चीवर टेकली की “ऊठ.” आठ महिन्यांत तिला नावाने हाक ऐकू आली नव्हती; “ए बाई” एवढंच. तिनेही गोड बोलणं सोडून दिलं होतं. ताट आपटायची आणि म्हणायची, “जेवा.”

ताईंना दिसत नाही, हे तिला केव्हाच कळलं होतं. त्या गोळ्या बोटांनी चाचपून घेत. पेपर घेऊन तासभर बसत, पण पान उलटत नसत. एकदा तिने तसं तोंडावर म्हटलं, तर वरणाची वाटी तिच्या अंगावर आली.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून लेक आली, केतकी. तोवर विमलताईंनी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

“हिने मला भलतंच काहीतरी चारलं. आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढ हिला.”

केतकीने हंसाबाईकडे पाहिलं. “खरं आहे हे?”

“त्यायले दिसत नाई, बाई. गोळ्या मी देतो म्हणलं, त हात लावू देत नाई.”

“खोटारडी! केतकी, पेपर दे तो. दे म्हणते ना!”

विमलताईंनी चष्मा चढवला, पेपर उघडला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. कापूस खरेदीची बैठक, धरणातलं पाणी, शिक्षकांच्या बदल्या. सकाळी रेडिओवर सांगितलं होतं ते सगळं, त्याच क्रमाने, कुठेही न अडखळता.

त्यांच्या पुढ्यात साड्यांच्या दुकानाची पानभर जाहिरात होती.

हंसाबाईला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं. तिने त्या पानाकडे पाहिलं, मग केतकीकडे. केतकी आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

“आई, पुरे.”

“पुरे काय? खालचीही बातमी वाचते.”

“आई, त्या पानावर बातमीच नाही.”

विमलताईंनी पेपराची घडी घातली. मग त्या घडीचीही घडी घातली.

केतकी मागच्या पडवीत आली तेव्हा हंसाबाईने पिशवी भरली होती.

“चुकलं आमचं. थांबा तुम्ही. गोळ्या आता तुम्हीच द्या.”

“ताईनं आधी म्हणावं, हिनं काही चारलं नाई म्हणून. साऱ्या गल्लीत बोलल्या त्या. म्हातारीले जहर देणारी म्हणतीन मले. कोण घरात घेईन आता?”

केतकीने ते आईला सांगितलं.

“माफी? त्या बाईची? मरेन, पण मागणार नाही.” विमलताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “कागद घे. लिही.”

कचेरीत सांगत तशा त्या सांगू लागल्या. “दाखला देण्यात येतो की, श्रीमती हंसाबाई खेमसिंग राठोड या आठ महिने माझ्या सोबतीस होत्या. बारा तारखेस माझ्याच हातून गोळी दोनदा घेतली गेल्याने मला चक्कर आली. सदर बाईंनी मला साखरेखेरीज काहीही चारले नाही. त्यांच्यामुळे मी वाचले.”

केतकीचा हात थांबला.

“थांबलीस काय? लिही.”

दारात उभ्या हंसाबाईने पिशवी खाली ठेवली. नवऱ्याचं नाव तिने या घरात एकदाच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी.

सहीसाठी केतकीने आईचा हात धरायला पाहिलं.

“सोड. सही येते मला.”

पेन कागदाच्या कडेला टेकलं. ‘विमल’ कागदावर उमटलं. आडनाव टेबलावरच्या मेणकापडावर गेलं, आणि सहीखालची ठसठशीत रेघही.

हंसाबाईने ते पाहिलं. कागद उचलून तिने घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

“आता थांबाल ना?” केतकीने विचारलं.

“नाई, बाई. सकायची गोळी पांढरी, संध्याकायची पिवळी. जेवल्याबिगर देऊ नका.”

विमलताईंकडे तिने पाहिलं नाही. त्यांनीही मान वळवली नाही. बाहेर फाटक वाजलं.

“सही नीट आली ना?” विमलताईंनी विचारलं.

केतकीने मेणकापडावरच्या आडनावावर तळहात ठेवला.

“हो आई. नीट आली.”