कलम सतरा

राज्यशास्त्राच्या सरांना मुलं पाठीमागे ‘मुद्दा सर’ म्हणत. खिडकी उघडू का, असं कुणी विचारलं तरी सर “मुद्दा असा आहे की” म्हणून सुरुवात करायचे आणि खिडकी राहायची बंद ती बंदच. एकतीस वर्षं त्यांनी मतदान, बहुमत आणि विरोधी पक्ष शिकवला, पण कॉलेजातल्या कुठल्या गटात कधी पाऊल टाकलं नाही. नाकासमोर चालणारा माणूस असं त्यांचं नाव होतं. अशा माणसाचा कुणाला त्रास नसतो, आणि खरं सांगायचं तर फारसा उपयोगही नसतो.

गेल्या तीन-चार वर्षांत त्यांच्या मनाला काही लागेनासंच झालं होतं. पहिल्या वर्षाला नव्वद मुलं असायची ती अकरावर आली, तेव्हा सरांनी फक्त लहान खोली मागून घेतली. मुलगी नोकरीसाठी परदेशी निघाली तेव्हा ते तिच्या बॅगेचं वजन करत बसले. “अहो, निदान वाईट तरी वाटून घ्या,” बायको म्हणाली. “बघतो,” सर म्हणाले. चेष्टा नव्हती ती. त्यांनी खरोखर बघितलं आणि आत काही सापडलं नाही.

विभागात सरांशिवाय एकच जण उरल्या होत्या, धाकट्या बाई. थोरल्या बाई कधीच्या निवृत्त झाल्या, पण ह्या बेचाळिसाव्या वर्षीही धाकट्याच राहिल्या. अकरा वर्षं कंत्राटावर होत्या. दर जूनला नवं पत्र यायचं आणि दर मे महिन्यात त्यांची झोप उडायची. सरांच्या प्रश्नपत्रिका त्या काढत, निकाल त्या लावत, आणि सरांच्या टेबलावरच्या कागदांत कुठे काय आहे ते सरांपेक्षा त्यांना जास्त माहीत होतं.

यंदा प्राचार्यांनी विभागच बंद करायचा ठराव आणला. दोन पेपर समाजशास्त्राकडे जाणार, सर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं तिथेच बसणार, आणि धाकट्या बाईंना जूनचं पत्र येणार नव्हतं.

बैठकीच्या दिवशी सकाळी बाई सरांच्या खोलीत आल्या. आठ दिवस त्या कॉलेज समितीच्या सदस्यांचे उंबरठे झिजवत होत्या.

“सर, सहा जण पक्के आपल्या बाजूने आहेत. तिकडे सहा. तुमचं मत धरून आपण सात.”

“हं,” सर म्हणाले.

“भौतिकवाले सर तर म्हणाले, तुमचे सर असताना तुम्ही कशाला फिरताय?” बाई हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या होत्या.

बैठक तीनला सुरू झाली. लांब टेबल, तेरा सदस्य, अध्यक्षस्थानी प्राचार्य. चर्चा म्हणावी अशी झालीच नाही. ग्रंथपालबाई तेवढ्या तावातावाने बोलल्या. मग प्राचार्यांनी ठरावाच्या बाजूचे हात मोजले. सहा. “विरोधात?” सहा हात वर गेले.

सरांचा हात बिस्किटांच्या बशीशेजारी होता. तो जड नव्हता, दुखत नव्हता, नुसता होता. बावीस वर्षांपूर्वी कॉलेजची नियमावली सरांनीच लिहिली होती. त्यातलं सतरावं कलम त्यांना तोंडपाठ होतं: ज्या सदस्याचा ठरावाशी हितसंबंध आहे, त्याने मतदान करू नये.

प्राचार्य थांबले. जरा जास्तच थांबले. “सर, तुम्ही?”

“मी तटस्थ. नियमाप्रमाणे.”

ग्रंथपालबाईंनी कपाळाला हात लावला. सम-समान झालं म्हणून प्राचार्यांनी निर्णायक मत दिलं आणि एकतीस वर्षांचा विभाग चहा यायच्या आत निकालात निघाला.

पाऊण तासाने हेडक्लार्क इतिवृत्त घेऊन सरांच्या खोलीत आले. “सर, तटस्थ राहण्याचं कारण काय लिहू?”

“कलम सतरा.”

हेडक्लार्कनी पुस्तिका चाळली. “सतरा म्हणजे बैठकीत चहा कुणी सांगायचा ते.”

“अहो, हितसंबंधाचं.”

“असं कलमच नाही यात.”

सरांनी खणातून आपली प्रत काढली. पिवळी पडलेली, त्यांच्याच अक्षरातली. हेडक्लार्कनी ती उलटसुलट पाहिली. “हा तर मसुदा आहे, सर. मंजुरीच्या बैठकीला तुम्ही कावीळ होऊन पडला होता. एवढ्याशा कॉलेजात हितसंबंध नसलेला माणूस आणायचा कुठून, म्हणून ते काढून टाकलं होतं तेव्हा.” ते घुटमळले. “मग कारण काय लिहू?”

“काही लिहू नका,” सर म्हणाले आणि सही करून दिली.

हेडक्लार्क बाहेर पडले तेव्हा दारात धाकट्या बाई उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

“ते कलम नाही, हे मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “छापील प्रत मीच कपाटात लावली होती. पण तुम्हाला सांगायचं सुचलंच नाही, सर. तुम्ही मत देणार नाही, हे माझ्या मनातच आलं नाही.”

“चूक झाली माझी.”

“हो.” बाईंचा आवाज चढला नाही. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. “एक विचारू? कलम नाही हे तेव्हा कळलं असतं, तर हात वर केला असता ना?”

हो म्हणणं अगदी सोपं होतं. बाई तेवढ्यासाठीच थांबल्या होत्या. तेवढं पदरात घेऊन त्या घरी गेल्या असत्या. सरांनी बशीशेजारचा तो हात आठवून पाहिला. कलम आधी आठवलं होतं की हात आधी तसा पडून राहिला होता, ते त्यांना नीट सांगता येईना. मुद्दा असा आहे की, एवढं ओठांवर आलं, ते त्यांनी गिळलं.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली. पर्समधून विभागाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. “दुसऱ्या वर्षाची मुलं खोळंबलीत,” म्हणाल्या आणि तास घ्यायला गेल्या.

शेजारच्या खोलीतून त्यांचा आवाज येऊ लागला. हजेरी चालली होती, एकेक क्रमांक, स्पष्ट. सर ऐकत बसले. आता तरी लाज वाटावी म्हणून त्यांनी वाट पाहिली. हजेरी संपली, फळ्यावर खडू वाजू लागला, तरी लाज येईना, आणि मग मात्र त्यांना स्वतःचीच भीती वाटली.